आधी ढगाचा तळ, मग डोकं

आषाढ लागला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम वर बघायला लागतात. उन्हाळाभर झाडं आणि सावल्या विचारणाऱ्यांना आता ढग दिसतात. या खेपेला आकाशावरची पत्रं इतकी आली, की ‘पोर्ट्रेटमध्ये नाक मोठं येतं’ वगैरे बाकीची सगळी पुढच्या अंकावर ढकलली आहेत. नाकं कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : बाई, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पेन्सिलने निसर्गचित्रं काढायला लागले. सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला जाते, तिथून सिंहगडाच्या बाजूचे डोंगर काढते. डोंगर, झाडं बरी जमतात. ढग मात्र कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे दिसतात. एक मे महिन्यातलं आणि एक जुलैतलं अशा दोन चित्रांचे फोटो पाठवते आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : फोटो मोठे करून नीट पाहिले. डोंगर खरंच चांगले आहेत. गडाच्या माथ्याचं आणि त्यावरच्या टीव्ही टॉवरचं प्रमाण छान साधलंय. ढगांत चूक एकच आहे, पण ती सगळ्या ढगांत आहे. प्रत्येक ढगाला तुम्ही चहूबाजूंनी गोल गोल रेघ मारून बंद केलंय. वर जितका फुगीर, तितकाच खालीही फुगीर.

मे महिन्यातल्या दुपारी किंवा ऑक्टोबरात जे सुटे, पांढरे, पुंजक्यांचे ढग दिसतात त्यांना तळ असतो आणि तो बऱ्यापैकी सपाट असतो. जमिनीवर तापलेली हवा वर चढते, चढताना थंड होते आणि एका उंचीला पोचली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. ती उंची त्या वेळी त्या परिसरात साधारण सारखीच असते. म्हणून शेजारशेजारच्या ढगांचे तळ एका पातळीत येतात, डोकी मात्र ज्याची त्याची. हवेचं तापमान आणि दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे १२५ मीटर, असा या उंचीचा ढोबळ हिशेब सांगतात. मे महिन्यात दुपारी तापमान ३८ आणि दवबिंदू १८ असला, तर तळ अडीच हजार मीटरवर. जुलैत तापमान २७ आणि दवबिंदू २२ असला, तर जेमतेम सव्वासहाशेवर. आता पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि सिंहगड १३१२ मीटरवर, म्हणजे गडाचा माथा शहराच्या वर साडेसातशे मीटर. तुमच्या जुलैच्या चित्रात टॉवर शेंड्यापर्यंत स्वच्छ आहे आणि त्याच्याही बऱ्याच वर काळा पावसाळी ढग आहे. ते का खटकतं, ते या आकड्यांत आहे. भर पावसाळ्यातल्या अशा दिवशी ढगाचा तळ माथ्याच्या खाली उतरलेला असतो. टॉवर खोडून टाका, गडाचा वरचा तिसरा हिस्सा पुसट करा, चित्र आपोआप जुलैत येईल.

तळावरून अंतरही कळतं. एखाद्या लांबलचक मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून आत छताकडे पाहा. पहिला पंखा डोक्यावर, मोठा, खालून पाती पूर्ण दिसणारा. पुढचे पंखे लहान होत जातात, नजरेला खाली खाली येतात, एकमेकांजवळ सरकतात आणि शेवटचे तर नुसती आडवी रेघ. आकाशाचा हिशेब हाच. डोक्यावर आलेल्या ढगाचा तळच जास्त दिसतो, मधल्याचा तळ आणि बाजू दोन्ही दिसतात, क्षितिजाजवळचे ढग म्हणजे बारीक आडव्या पट्ट्या. तुमच्या मे महिन्याच्या चित्रात गडाला टेकलेला ढग आणि कागदाच्या वरच्या कडेचा ढग एकाच मापाचे आहेत. वरचा दुप्पट करा, अर्धा कागदाबाहेर गेला तरी जाऊ द्या. खालचे चपटे करा आणि दोन ढगांमधली जागा खाली येता येता कमी करत आणा.

उजेडाचं थोडं. तळजाईवरून सिंहगड नैर्ऋत्येला. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं, त्यामुळे त्या दिशेचे ढग पांढरेशुभ्र, सावली कमी, जरा सपाटच दिसतात. तिथेच संध्याकाळी गेलात तर ऊन ढगांच्या मागे गेलेलं असतं. पोट करडं आणि काठाला झगझगीत किनार. दोन्ही खरं, पण एका चित्रात दोन्ही नको. तुम्ही डोंगराच्या सावल्या डावीकडे टाकल्यात आणि ढगांच्या उजवीकडे. काही काढायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण काढून ठेवत जा, ऊन कुठून येतंय त्याचा. शेवटी खोडता येतो.

आता हाताचं काम. ढगाची बाह्यरेषा काढायचीच नाही. २बी पेन्सिल आडवी धरून सगळ्या आकाशाला हलका टोन द्या, वर थोडा गडद आणि क्षितिजाकडे फिका. आकाश असतंच तसं. खाली आपण हवेच्या आणि धुळीच्या जास्त जाड थरातून बघतो, म्हणून तिथे ते पांढरट पडतं. टोन मऊ कापडाने किंवा टिश्यूने एकदा पुसून एकजीव करा. बोटाने पुसू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं आणि पुढे तिथे पेन्सिल डागासारखी बसते. मग पुटी रबर घ्या. तो मळून त्याला टोक काढा आणि जिथे ढगाच्या माथ्यावर ऊन आहे तिथे दाबून उचला. घासायचं नाही. दाबायचं, उचलायचं, रबर पुन्हा मळायचा, कारण त्याने उचललेलं शिसं पुढच्या खेपेला परत कागदावर बसतं. तळाकडे रबर न्यायचाच नाही. तिथे ४बीचे एक-दोन आडवे, हलके हात पुरतात. उन्हाकडचा माथा कडक काठाचा आणि तळाची सावलीतली कड विरघळलेली, एवढा एक फरक ठेवलात तरी ढगाला वजन येतं.

कडक काठ म्हणते आहे तो वाढत्या, ताज्या ढगाचा. वळवाचा ढग दुपारनंतर उभा चढतो आणि त्याचा माथा फार उंच गेला, की तिथे पाण्याच्या थेंबांच्या जागी बर्फाचे कण होतात. मग तो काठ विरतो, तंतू सुटल्यासारखा दिसतो आणि माथा बाजूला पसरतो. म्हणजे एकाच ढगात खालच्या अर्ध्यात काठ कडक, वरच्यात विरलेला. हनुमान टेकडीवरून पूर्वेला, शहरावर असा ढग उभा असेल तर संध्याकाळी तो फार सुरेख दिसतो, कारण मावळतीचं ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं. गडगडाट ऐकू आला मात्र, की वही मिटायची आणि टेकडी उतरायची.

प्रश्न : दुकानात निळ्या रंगाच्या सहा-सात ट्यूब असतात. आकाशासाठी नेमका कोणता निळा घ्यावा? बजेट कमी आहे.
— कॉलेज विद्यार्थी, हडपसर

उत्तर : अल्ट्रामरीन. पैसे उरले तर सेरुलियन, क्षितिजाजवळच्या फिक्या पट्ट्यासाठी. काळ्या ट्यूबच्या पैशात बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, घे. अल्ट्रामरीनमध्ये तो कमी-जास्त मिसळला की गरम, थंड, हवा तसा करडा मिळतो आणि पावसाळ्यातले चार महिने तोच लागतो. प्रशियन ब्लू आकाशाला नको. तो कागदात मुरतो, मग त्यातून ढग उचलून निघत नाहीत. पेन्स ग्रे हा तयार निळसर करडा सोयीचा आहे हे मान्य, पण तो घेतला की सगळ्या ऋतूंतले सगळे ढग एकाच रंगाचे होतात. आणि ‘स्काय ब्लू’ नावाची पांढरट ट्यूब मिळते, ती तर राहूच दे. तिच्यात पांढरा आधीच कालवलेला असतो, आणि पुण्याचं आकाश त्या रंगाचं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

प्रश्न : मी जलरंगात काम करतो. मागच्या वर्षी एकदम घेऊन ठेवलेल्या कागदावर या जूनमध्ये आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, दिला, तर जागोजागी गडद ठिपके उठले आणि काही ठिकाणी रंग टीपकागदावर पडावा तसा आत गेला. कागद चांगल्या कंपनीचा आहे, ३०० जीएसएमचा. शिवाय वॉश लवकर वाळत नाही आणि ढगांच्या कडांना नको तिथे फुलं फुटतात.
— एक वाचक, औंध

उत्तर : हे दोन वेगवेगळे आजार आहेत.

पहिला कागदाचा. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते. तिच्यामुळे पाणी पृष्ठभागावर थोडा वेळ थांबतं आणि तुम्हाला रंग फिरवायला सवड मिळते. एक पावसाळा दमट खोलीत काढला की ही खळ कुठे कुठे मरते. कागद पाहून काही कळत नाही, तो तितकाच पांढरा आणि ताठ असतो. वॉश दिल्यावरच बिंग फुटतं, आणि नेमकं आकाशातच फुटतं, कारण एवढी मोठी सपाट जागा चित्रात दुसरीकडे नसते. झाडांच्या गर्दीत हेच ठिपके खपून गेले असते. तपासायचं असेल तर स्वच्छ पाण्याचा रुंद ब्रश कागदावरून एकदा न्या आणि कागद तिरका धरून खिडकीच्या उजेडात पाहा. खळ शाबूत असेल तिथे पाणी चकाकत राहतं. मेली असेल तिथे लगेच मंद, गडद डाग पडतो. हा कागद फेकू नका, कोळसा आणि पेस्टलला उत्तम चालतो. नवा कागद मात्र मेअखेरीलाच जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या चार पुड्या घालून, कपाटात वरच्या फळीवर ठेवा. पलंगाखाली, भिंतीला टेकून अजिबात नको. केक कलर वापरत असाल तर तेही वाळवूनच डबीत घाला, नाहीतर श्रावणात बुरशीची नक्षी पाहायला मिळेल.

दुसरा आजार तुमच्या घाईचा आहे, राग मानू नका. पुण्यात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते, की वॉश खालपर्यंत न्यायच्या आत वरचा काठ वाळलेला असतो. तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी ओला करावा लागतो. त्या सवयीने तुम्ही जुलैतही भराभर हात चालवता, आणि जुलैत कागद वाळायचं नाव घेत नाही. फुलं कधी फुटतात? वॉश अर्धवट वाळलेला असतो आणि तुमच्या ब्रशमध्ये त्याच्यापेक्षा जास्त पाणी असतं तेव्हा. ते जादा पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर जातं आणि त्याची दातेरी कड उमटते.

म्हणून घड्याळ बघू नका, कागदाची चकाकी बघा. पाणी आरशासारखं चकचकतंय तोवर रंग कुठेही वाहील, तेव्हा फक्त आकाशाचा निळा. चकाकी जाऊन कागद नुकता मंद झाला, की ढगाच्या पोटातला करडा घालायची वेळ. ब्रश फडक्यावर टिपून, त्यात रंग दाट आणि पाणी कमी. ही वेळ मे महिन्यात दहा-वीस सेकंदांची असते, जुलैत निवांत मिळते, उलट ढगांसाठी पावसाळा सोयीचाच. त्यानंतर कागद कोरडा दिसतो पण हाताची पालथी बाजू टेकवली तर गार लागतो. तेव्हा काही करायचं नाही. चहा घ्या. हेअर ड्रायर वापरायचा तर या शेवटच्या टप्प्यात. आधी वापरलात तर वाऱ्याने रंग सरकतो.

टिश्यूने ढग टिपायची युक्ती तुम्हाला माहीत असेलच. दर टिपणीला टिश्यूची कोरी बाजू वापरा. आणि एका चित्रात एखादाच ढग तसा ठेवा, सगळे टिश्यूचे ढग एकमेकांची भावंडं दिसतात.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. स्मरणचित्रात ‘पावसाळ्यातला रस्ता’ असा विषय सरावाला होता. क्लासमध्ये सांगतात की वरचा भाग निळा करायचा, पांढऱ्या तिरक्या रेघांनी पाऊस दाखवायचा आणि पक्षी काढायचे. दादा म्हणतो पावसात पक्षी नसतातच. कोणाचं बरोबर?
— एक विद्यार्थिनी, चिंचवड

उत्तर : दोघांचं थोडं थोडं. क्लासमधल्या निळ्यापासून सुरुवात करू. पाऊस पडताना सगळं आकाश ढगांनी झाकलेलं असतं, निळा दिसेल कुठून? पांढरा, थोडा निळा आणि चिमूटभर तपकिरी कालवून करडा कर. आणि तो सगळीकडे सारखा लावू नकोस. क्षितिजाजवळ एक फिका पट्टा ठेव, वर गडद होत जाऊ दे. पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो, गडद छटा थोडी फिकी होते, म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू दे आणि मग ठरव.

पावसाच्या रेघा. लांबचा पाऊस रेघांनी दिसतच नाही. एक राखाडी पडदा दिसतो आणि त्यामागची घरं, झाडं पुसट होतात. रस्त्याच्या टोकाची घरं आकाशाच्याच करड्यात थोडा गडदपणा घालून रंगव, बस. रेघा मारायच्याच असतील तर समोरच्या माणसांच्या मागे गडद दार किंवा झाड असेल तिथे चार-पाच मार, आणि सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. छत्र्याही पाऊस येतो त्याच बाजूला झुकव. परीक्षेच्या चित्रांत छत्री डावीकडे आणि पाऊस उजवीकडून, हे मी इतकं पाहिलंय की आता हसूही येत नाही.

ओला रस्ता काळा करू नकोस. तो आकाश परत दाखवतो. आकाशातला तो फिका पट्टा आठवतो? रस्त्यावरच्या पाण्यातही तोच रंग, एक छटा गडद करून, आडव्या हातांनी लाव. माणसांच्या पायाखाली त्यांच्या कपड्यांच्या रंगाचे उभे, थरथरते पट्टे ओढ. इथे गुण मिळतात.

राहिले पक्षी. दादाला सांग, बगळे असतात. पावसाची सर थांबली की नदीवरून रांगेने जाताना दिसतात. राजस्थानच्या आणि पहाडी लघुचित्रांत काळ्या ढगांसमोर पांढरे बगळे मुद्दाम काढलेले असतात. पांढरा शेजारी आला की ढगाचा काळेपणा डोळ्यात भरतो, म्हणून. तेव्हा पक्षी काढ, पण इंग्रजी व्हीच्या आकाराचे काळे नकोत. पांढरे, लहान, तीन किंवा चार, एका तिरक्या ओळीत आणि आकाशाच्या सगळ्यात गडद भागात. दोन डोंगरांच्या मधला सूर्य मात्र विसरून जा.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी, जाण्यायेण्यातच दिवस जातो. गॅलरीतून संध्याकाळच्या ढगांचे फोटो काढून ठेवते आणि रविवारी त्यावरून रंगवते. फोटो सुंदर असतो, चित्र मात्र निर्जीव होतं. फोटोवरून काम करणं चूक आहे का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : चूक नाही, पण फोन तुम्हाला थोडं फसवतो. संध्याकाळी आकाश आणि समोरच्या इमारती यांच्या उजेडात खूप फरक असतो. हल्लीचे फोन तीन-चार वेगवेगळ्या उजेडाचे फोटो मिळून एक करतात, म्हणजे इमारती उजळतात आणि आकाश दाबतात. पाहायला छान, पण आकाश उजळ आणि जमीन त्याच्यापुढे गडद हे जे मूळचं नातं, तेच निघून जातं. तुम्ही ते प्रामाणिकपणे उतरवता आणि चित्र सपाट होतं. गॅलरीत उभं राहून एकदा डोळे बारीक करून पाहा. समोरचा पांढरा टॉवरसुद्धा मावळतीच्या आकाशापुढे करडा दिसेल. फोटोवर तसं नसेल, तर चित्रात तुम्ही तसं करा.

आणि रविवारची वाट कशाला? गॅलरीत दहा मिनिटं तर मिळतात. इंग्लंडमधला जॉन कॉन्स्टेबल १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला राहून निव्वळ आकाशाची छोटी तैलचित्रं कागदावर करत होता. खाली जमीन नाही, झाड नाही, कधी कधी नुसता ढग. कित्येकांच्या पाठीवर त्याने तारीख, वेळ आणि वारा कुठून होता ते लिहून ठेवलंय. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८०२ मध्ये, लंडनच्याच ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसाने ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं दिली होती. तीच आजही वेधशाळेत चालतात. आपल्या पुण्यात तर हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून आलं, म्हणून शिवाजीनगरचा तो चौक अजून शिमला ऑफिसच्या नावाने ओळखला जातो. ढगांच्या बाबतीत आपण पोरके नाही.

तुमच्यासाठी सामान अगदी थोडं : शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा करडा किंवा फिका निळा कागद, पोस्टकार्डाएवढे तुकडे करून, एक कोळशाची कांडी, एक पांढरा खडू. कागदाचा रंग हेच आकाश. उजेड खडूने, तळ कोळशाने, बाकीला हात लावायचा नाही. ढग हलतात म्हणून त्यांच्या मागे धावू नका. एकच ढग निवडा, मिनिटभर नुसतं बघा, मग मान खाली घालून आठवेल तेवढं काढा. पुन्हा वर बघाल तेव्हा तो बदललेला असेल. बदललेला ढग जुन्यावर चढवू नका, दुसरं कार्ड घ्या. पाठीवर वेळ आणि दिशा लिहा. रविवारी फोटोशेजारी ही कार्डं ठेवून रंगवायला बसा. आकारासाठी फोटो पाहा, उजेडासाठी कार्ड.

प्रश्न : स. न. वि. वि. मागील अंकात आपण ‘आधी आकाश, मग जमीन’ असे ठामपणे लिहिले आहे. मी गेली कित्येक वर्षे आधी जमीन रंगवतो व राहिलेल्या जागेत आकाश भरतो. हा काय कायदा आहे काय? सोबत दिवे घाटाचे जलरंगातील चित्र जोडले आहे. पालखी घाट चढते आहे, खाली मस्तानी तलाव आहे. घरच्यांचे म्हणणे, आकाश दुसऱ्या चित्रातून आणून लावल्यासारखे वाटते. आपले मत कळवावे.
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कायदा नाही, काका. सोय आहे. आकाशाचा वॉश सगळ्यात मोठा आणि सगळ्यात ओला. तो द्यायचा तर बोर्ड तिरका करून वरून खाली एका दमात न्यावा लागतो. खाली आधीच वारकरी, पताका आणि वडाची झाडं रंगवलेली असली की त्यांच्या कडेकडेने जाताना हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताचं आकाश तसंच दिसतं. तुमच्या चित्रात प्रत्येक पताकेभोवती एक पांढरी फट राहिली आहे, ती यामुळेच. आकाश थेट डोंगरावरून खाली आणलं असतंत तरी चाललं असतं, डोंगर त्याच्यापेक्षा गडदच असतो.

याला अपवाद आहे आणि तो तुम्हाला आवडेल. मागे वळवाचा काळा ढग आणि पुढे उन्हात चुन्याची पांढरी भिंत, असं दृश्य असेल तर जमीन आकाशाहून उजळ होते. अशा वेळी आधी भिंतीची जागा राखायची आणि तिच्या कडेपर्यंत ढग आणायचा. पांढऱ्या कपड्यातल्या वारकऱ्यांवर ऊन असतं तर तुमची पद्धत तिथे बरोबर ठरली असती. पण तुम्ही आकाश तर पूर्ण झाकोळलेलं दाखवलंय.

घरच्यांचं बरोबर आहे ते इथेच. एवढं झाकोळलेलं आकाश म्हणजे उजेड सगळीकडून सारखा येणार. वारकऱ्यांच्या पायाशी तुम्ही धारदार काळ्या सावल्या टाकल्यात, त्या अशा दिवशी पडतच नाहीत. पायाखाली अगदी लगत थोडा गडद ठिपका असतो, तेवढाच. ओल्या ब्रशने त्या सावल्यांच्या कडा मऊ करून टिपून घ्या. घाटाची लांबची धार ढगाच्या करड्याने पातळ झाकून टाका, म्हणजे डोंगर आणि आकाश यांची ओळख पटेल.

मोठा घोटाळा मस्तानी तलावाचा. आकाश करडं आणि तलाव निळाशार! घाटातून खाली पाहताना पाण्यात आकाशच दिसणार, आणि पालखीच्या दिवसांत वरून आलेला गढूळपणा असला तर फिकट मातकट झाक. सुदैवाने दुरुस्ती अवघड नाही. कागद पूर्ण वाळलेला असताना स्वच्छ ओला ब्रश तलावावर हलकेच फिरवा, टिश्यूने टिपा, असं दोन-तीनदा करून निळा जमेल तेवढा उचला. वाळू द्या. मग आकाशाला वापरलेलाच करडा, त्यात थोडा यलो ऑकर घालून, एका हातात आडवा न्या आणि पुन्हा त्यावर जाऊ नका. हे सगळं तुम्ही अल्ट्रामरीन वापरला असेल तर. प्रशियन असेल तर नवा कागद घ्या.